शाळेतील मुलांची दृष्टितपासणी : हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी

घणसोलीतील एका शाळेत चौथीच्या वर्गातील मुलीला तळहाताने उजवा डोळा झाकायला सांगितला, तेव्हा समोरचा तक्ता तिला दिसेनासा झाला. ती घाबरली नाही, तिने अगदी सहज विचारले, "बाई, एका डोळ्याने सगळ्यांना असंच दिसतं ना?" तिचा उजवा डोळा उत्तम होता. त्या एका डोळ्याच्या आधारावर ती फळ्यावरचे वाचत होती, वही नीटनेटकी ठेवत होती, आणि घरी किंवा शाळेत कोणाला कधी शंका आली नव्हती. पहिल्यापासून धूसर पाहणाऱ्या मुलाला स्वच्छ दिसणे म्हणजे काय हेच ठाऊक नसते, म्हणून ते तक्रार करीत नाही. त्याच्या वतीने ती तक्रार मोठ्यांनी शोधून काढावी लागते.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील शाळांमध्ये हे काम करू इच्छिणारे शिक्षक, पालक आणि स्वयंसेवक यांच्यासाठी पुढील माहिती लिहिली आहे. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. आपण डॉक्टर नाही, आपण निदान करीत नाही आणि चष्म्याचा नंबरही काढत नाही. आपण केवळ चाळणी लावतो आणि चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचवतो. या कामात तपासणीचा दिवस हा सर्वांत सोपा भाग आहे. यादीतील शेवटच्या मुलाच्या नाकावर चष्मा येईपर्यंतचे दोन-तीन महिने हा खरा भाग आहे, आणि बहुतेक उपक्रम तिथेच थंडावतात.

तारीख ठरवण्याआधी

सर्वप्रथम नापास ठरणारी मुले कुठे पाठवायची हे ठरवावे, आणि त्यानंतरच शाळेकडे तारीख मागावी. हा क्रम उलटा झाला की पालकांच्या हाती चिठ्ठी पडते, पण पुढे जायचे कुठे हे कोणी सांगत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेची वाशी, ऐरोली आणि नेरूळ येथे रुग्णालये आहेत. ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यात आहे. शिवाय ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे. नेत्रविभागाची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या दिवशी असते, लहान मुलांच्या डोळ्यांत औषध घालून तपासणी करण्याची सोय कधी असते, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, हे स्वतः जाऊन विचारावे. तेथील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना भेटून, अमुक महिन्यात आमच्याकडून इतकी मुले येऊ शकतील, असे आधीच सांगितले तर पुढचे अर्धे काम सोपे होते.

त्यानंतर मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. शासकीय आणि महापालिकेच्या शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून एकदा येते. त्या पथकाची तारीख ठरली असल्यास आपले काम त्याच्याशी जोडून घ्यावे. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. पथकाला मात्र जन्मजात व्यंगांपासून दातांपर्यंत सर्व काही पाहावे लागते, त्यामुळे डोळ्यांसाठी वेगळा, निवांत वेळ देणारी माणसे शाळेला हवीच असतात. महापालिकेच्या शाळेत शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. ती मिळण्यास लागणारा वेळ हिशेबात धरावा.

जून महिना प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. जुलैमध्ये पटावरची संख्या स्थिर होते आणि गणपतीच्या सुट्ट्यांना अजून अवकाश असतो. म्हणून जुलै उत्तम, म्हणजे चष्मे सहामाही परीक्षेच्या आधी हाती येतात. माणसे कमी असल्यास बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग आधी घ्यावेत, कारण 'आळशी डोळा', म्हणजे लहानपणी नीट वापरला न गेल्याने नजर मंद राहिलेला डोळा, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत चांगला सुधारतो. त्यानंतर पाचवीपासून पुढचे वर्ग घ्यावेत, कारण लांबचे न दिसण्याचा दोष शालेय वयातच सुरू होतो आणि उंचीबरोबर वाढत जातो.

तपासणीच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांकडून एक छोटी यादी मागून घ्यावी: फळ्याजवळ येऊन लिहून घेणारी, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी, डोके दुखते म्हणणारी, वाचताना मान वाकडी करणारी किंवा एक डोळा मिटणारी मुले कोणती? शिक्षकांची नजर या बाबतीत फार तयार असते, आणि अनेकदा "लक्ष नसतं हो त्याचं" या तक्रारीतच उत्तर दडलेले असते.

तक्ता, अंतर आणि उजेड

नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात दिसतो तो अक्षरांचा तक्ता हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केला. त्यातील प्रत्येक ओळ ठरावीक अंतरावरून निरोगी डोळ्याला वाचता यावी अशा मापाची असते. सहा मीटरवर उभे राहून मुलाने ६/१२ ची ओळ कशीबशी वाचली, तर त्याचा अर्थ असा की निरोगी डोळा जे बारा मीटरवरून वाचतो, ते वाचण्यासाठी या मुलाला सहा मीटरपर्यंत पुढे यावे लागते. हे एवढे समजले की नोंदवहीतील आकडे केवळ आकडे राहत नाहीत.

शाळेसाठी इंग्रजी अक्षरांचा तक्ता घेऊ नये. चारही दिशांना तोंड केलेल्या 'ई' चा, म्हणजे इंग्रजी E च्या आकाराच्या चिन्हाचा, तक्ता घ्यावा. आपल्या परिसरात मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा सर्व माध्यमांच्या शाळा आहेत, आणि बालवाडीतील मुलांना तर कोणतीच अक्षरे येत नाहीत. 'ई' ला तीन बोटे आहेत आणि ती ज्या बाजूला आहेत तिकडे आपलीही तीन बोटे करायची, एवढा खेळ चार वर्षांचे मूलही शिकते.

तक्ता विकत घेतलेला असावा. संगणकावरून छापून काढला किंवा स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स केला, तर कागदात बसवण्यासाठी यंत्र त्याचा आकार कमी करते आणि ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून तक्ता कोणताही असो, पट्टी लावून मोजावा: सहा मीटरच्या तक्त्यावर ६/६० चे चिन्ह सुमारे ८७ मिलिमीटर, ६/९ चे सुमारे १३ मिलिमीटर आणि ६/६ चे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास उंच असते. माप चुकलेले असेल तर तो तक्ता वापरू नये.

अंतराबाबत आमच्याकडून झालेली चूक सांगणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी तुर्भ्याच्या एका शाळेत टेप आणायची राहिली, म्हणून अंतर पावलांनी मोजले. दुपारी शंका आली, शिपाईमामांनी सुताराची टेप आणून दिली, आणि कळले की खडूची रेघ पाच मीटरच्याही आत होती. अंतर कमी म्हणजे अक्षर मोठे, आणि अक्षर मोठे म्हणजे दोष असलेले मूलही पास. सकाळची सर्व मुले पुन्हा तपासली, तेव्हा आधी 'ठीक' लिहिलेली सात नावे यादीत आली. टेप विसरली तर तपासणी पुढे ढकलावी.

अनेक शाळांच्या वर्गखोल्यांत सहा मीटर सलग जागा मिळत नाही. अशा ठिकाणी तीन मीटरसाठी बनवलेला तक्ता घ्यावा, ज्यावरील चिन्हे निम्म्या मापाची असतात. सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर लावण्याचा मोह टाळावा. व्हरांड्यात जागा असते, परंतु ये-जा आणि गोंगाट यांमुळे लहान मुले विचलित होतात. तक्ता खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावू नये, कारण मुलाच्या डोळ्यांवर बाहेरचा उजेड येतो आणि तक्ता काळपट दिसतो. जुलैमध्ये भर दुपारी वर्गात अंधारून येते, तेव्हा पाऊस पाहून घाई न करता तक्त्यावर ट्यूबलाइटचा सारखा प्रकाश पडेल अशी भिंत आधीच हेरून ठेवावी. तक्त्याची मधली ओळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. पहिलीच्या आणि नववीच्या मुलांसाठी तो एकाच खिळ्यावर टांगून चालत नाही.

याशिवाय जाड पुठ्ठ्याचा एक डोळाझाक, काळ्या पुठ्ठ्याला एक मिलिमीटरचे गोल भोक पाडून केलेले छिद्रपट, लहान टॉर्च, खडू आणि नोंदवही एवढे साहित्य पुरते.

प्रत्यक्ष तपासणी

तीन माणसे असली की काम सुरळीत चालते: एक तक्त्याजवळ, एक मुलाजवळ, एक नोंदवहीवर. मुलाजवळचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच नवख्या स्वयंसेवकाकडे सोपवले जाते. तसे करू नये.

पुढची रांग दाराबाहेर थांबवावी, अन्यथा हुशार मुले रांगेतच ओळ पाठ करतात आणि तुम्हाला खूश करण्यासाठी धडाधड सांगतात. त्यांचा हेतू फसवण्याचा नसतो. त्यांना ही परीक्षा वाटते आणि परीक्षेत नापास व्हायचे नसते, म्हणून सुरुवातीलाच सांगावे की इथे गुण नाहीत, जे दिसत नाही ते "दिसत नाही" म्हणायचे.

मुलाच्या टाचा खडूच्या रेघेवर असाव्यात. चष्मा असलेल्या मुलाची तपासणी चष्मा लावूनच करावी. दप्तरात चष्मा असूनही लाजेने न काढणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात, त्यामुळे सर्वांना आपुलकीने विचारावे. आधी डावा डोळा झाकून उजव्याची तपासणी करावी, मग उजवा झाकून डाव्याची. हा क्रम कधीही बदलू नये, म्हणजे नोंदी उलटसुलट होत नाहीत. डोळा पुठ्ठ्याने किंवा वाटीसारख्या केलेल्या तळहाताने झाकावा. बोटांनी झाकला की फटीतून पाहणे ठरलेलेच असते. तळहात डोळ्यावर दाबला जाऊ नये, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर पाहतो आणि त्याची तपासणी चुकते. मुलाजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीने तक्त्याकडे पाहू नये, सतत मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे: मान वळते आहे का, ते पुढे झुकते आहे का, डोळे बारीक करते आहे का? पापण्या आवळून डोळे बारीक केले की अक्षर स्पष्ट दिसते, आणि ज्याला चष्म्याची खरी गरज आहे तेच मूल ही युक्ती स्वतःहून शिकलेले असते.

मोठ्या चिन्हापासून सुरुवात करून भराभर खाली यावे. चिन्हाच्या खाली काठी धरावी, चिन्हावर नको. एका ओळीतील चारपैकी तीन चिन्हे बरोबर आली तर ती ओळ वाचली असे धरावे. "चूक" हा शब्द एकदाही उच्चारू नये, "बरं, आता हे?" एवढे पुरेसे असते.

दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी ६/९ ची ओळ वाचली तर मूल चाळणीतून पार झाले. दोहोंपैकी एका जरी डोळ्याला ती जमली नाही, तर त्या मुलाचे नाव फेरतपासणीत घालावे. बालवाडीतील मुलांसाठी ६/१२ ही मर्यादा ठेवावी, कारण त्या वयात लक्ष लवकर उडते. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आला तर, चांगल्या डोळ्याचा आकडा कितीही उत्तम असला तरी, नाव यादीत हवेच; आळशी डोळा बहुधा असाच सापडतो. नोंद प्रत्येक डोळ्याची आणि आकड्यात करावी. 'ठीक', 'बरे', 'थोडे कमी' अशा शब्दांवरून पुढच्या वर्षी काहीही कळत नाही.

फेरतपासणी त्याच दिवशी, पण मधल्या सुट्टीनंतर घ्यावी, किंवा दुसऱ्या दिवशी घ्यावी. यावेळी छिद्रपट वापरावे. छिद्रातून पाहिल्यावर एक-दोन ओळी अधिक वाचता आल्या तर दोष बहुधा चष्म्याने सुधारणारा आहे. सुधारणा झाली नाही तर आळशी डोळा किंवा डोळ्याचा एखादा आजार असू शकतो, आणि अशा मुलाला आधी न्यावे. छिद्रपटाने छान दिसले म्हणून मात्र कोणालाही यादीतून वगळू नये.

तक्त्यात न सापडणारे दोष

तक्ता पास झाला म्हणजे डोळे निर्दोष, असे नाही. प्लस नंबर असलेली लहान मुले डोळ्यांवर ताण देऊन लांबचे व्यवस्थित वाचतात आणि अभ्यासाला बसली की त्यांचे कपाळ दुखू लागते. त्यामुळे शिक्षकांच्या यादीत ज्यांच्या नावापुढे डोकेदुखी लिहिली आहे, त्यांना तक्त्यावर ६/६ आले तरी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

टॉर्चच्या उजेडात प्रत्येक मुलाचे डोळे क्षणभर पाहावेत. दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा ठिपका सारख्याच जागी दिसायला हवा. एका डोळ्यात तो बाजूला सरकलेला असेल तर तिरळेपणाची शंका घ्यावी. तिरळा डोळा 'भाग्याचा' असतो किंवा वयाबरोबर आपोआप सरळ होतो, या समजुतीपायी अनेक मुलांचे उपचाराचे दिवस निघून जातात. पापणी खाली आलेली, डोळा सतत लाल, पाणी गळणारा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे चट्टे (हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असते), अशी मुलेही यादीत घ्यावीत.

बाहुली काळी न दिसता पांढरट दिसली तर शिबिराची, पालकसभेची, कशाचीही वाट पाहू नये. ते मोतीबिंदू असू शकते आणि, विशेषतः लहान वयात, डोळ्याच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही असू शकते. त्याच दिवशी पालकांना दूरध्वनी करून मूल रुग्णालयात पोहोचेल अशी व्यवस्था करावी. ऐरोलीच्या एका आईने नंतर सांगितले की मोबाइलच्या फोटोत बाळाचा एक डोळा पांढरा चमकतो हे घरात सर्वांनी पाहिले होते, पण तो कॅमेऱ्याचा दोष असावा असे सगळे धरून चालले होते.

पालकांशी बोलणे

निकाल वर्गासमोर वाचून दाखवू नये. चिठ्ठी मुलाच्या घरच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि चार ओळींत असावी: काय आढळले, कुठे जायचे, कोणत्या दिवशी, सोबत काय न्यायचे. तरीही निव्वळ चिठ्ठीवर विसंबू नये, ती दप्तराच्या तळाशी राहते. मुलाला घ्यायला येणाऱ्या आईशी किंवा आजीशी फाटकाजवळ दोन मिनिटे बोलावे, किंवा संध्याकाळी दूरध्वनी करावा.

या बोलण्यात काही शंका हमखास येतात, आणि त्यांना घाई न करता उत्तर द्यावे. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. मूल वाढते तसा डोळाही लांबीने वाढतो आणि नंबर त्यामुळे बदलतो. गाजराचा रस किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी आलेला नंबर जात नाही. मुलीला चष्मा लागल्याची काळजी घरातील वडीलधाऱ्यांना अधिक असते. त्यांना सांगावे की वेळेत चष्मा न लावल्यास एक डोळा कायमचा मंद राहू शकतो, आणि मोठेपणी कोणताही चष्मा किंवा शस्त्रक्रिया ती उणीव पूर्ण भरून काढत नाही. बहुतेक आज्या हे ऐकल्यावर सर्वांत आधी तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

मूल रुग्णालयात न पोहोचण्याचे कारण मात्र पुष्कळदा अंधश्रद्धा नसते, खाडा असतो. वडील बाजार समितीत माथाडी कामगार, आई चार घरी कामाला, आणि नेत्रविभाग उघडा असतो सकाळी. एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. दिघा किंवा दिव्यातून लहान भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या आईला पुन्हा "पुढच्या आठवड्यात या" ऐकावे लागले की ती येणे सोडते, आणि त्यात तिचा दोष नाही. म्हणून शक्य असेल तर दहा-पंधरा मुलांची एकत्र फेरी आखावी, सोबत एक शिक्षक आणि पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यावे, किंवा नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनाच शाळेत येण्याची विनंती करावी. डोळ्यांत औषध घालून तपासणी होणार असेल तर काही तासांपासून, औषधानुसार, काही दिवसांपर्यंत मुलाला जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. सोबत टोपी द्यावी आणि त्या आठवड्यात चाचणी परीक्षा नाही याची खात्री करावी.

चष्मा नाकावर येईपर्यंत

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून देशभर चालू आहे आणि त्याअंतर्गत गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. त्यासाठीची यादी कोणत्या नमुन्यात हवी हे नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून विचारून घ्यावे. देणगीतून चष्मे करणार असल्यास सर्वांना एकच काळी फ्रेम देऊ नये. चार-पाच रंग समोर ठेवून मुलाला स्वतः निवडू द्यावे, कारण स्वतः निवडलेला चष्मा मूल लावते. भिंग काचेचे नको, न फुटणारे हवे. आणि फ्रेम 'पुढच्या वर्षीही चालेल' अशी मोठी घेऊ नये, ती नाकावरून घसरते आणि मूल भिंगाच्या वरून पाहू लागते. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली असल्यास वर्गशिक्षकांनी वर्गाला त्याचे कारण आधीच समजावून सांगावे, म्हणजे चिडवाचिडवी होत नाही.

चष्मा मिळाल्यानंतर तीन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी, न सांगता वर्गात जावे आणि किती चष्मे नाकावर आहेत ते मोजावे. जे नसतील त्यांची चौकशी करावी: काडी मोडली, भावाने बसून फोडला, वर्गात कोणी चिडवले, आईने 'सांभाळून' कपाटात ठेवला. काडी बदलून देणे हे दहा मिनिटांचे काम आहे, पण ते कोणी केले नाही तर चष्मा वर्षभर डब्यात पडून राहतो. चष्मा लावूनही तक्रार करणाऱ्या मुलाला पुन्हा तक्त्यासमोर उभे करावे आणि नंबर चुकला असल्यास परत पाठवावे. चष्मा लागलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी दरवर्षी व्हायला हवी, कारण वाढत्या वयात नंबर एका वर्षातही बदलतो. मुलांना रोज दीड-दोन तास घराबाहेर, उजेडात खेळू द्यावे असेही पालकांना सांगावे. मायनस नंबर लागणे त्यामुळे लांबते, असे आढळले आहे.

नोंदवहीत प्रत्येक नावापुढे पाच रकाने ठेवावेत: तपासणी, फेरतपासणी, नेत्रतज्ज्ञांची भेट, चष्मा मिळाला, तीन महिन्यांनी लावलेला आढळला. पाचवा रकाना भरल्याखेरीज नाव खोडू नये. वही स्वतःच्या घरी न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, कारण स्वयंसेवक बदलतात. आपल्या भागातील अनेक कुटुंबे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतात आणि करार संपला की मूल राबाळ्याहून कळव्याला किंवा दिव्याला जाते. तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्याला एक छोटी चिठ्ठी टाचून द्यावी, ज्यावर दोन्ही डोळ्यांचे आकडे, चष्म्याचा नंबर, शेवटच्या तपासणीची तारीख आणि पट्टीचा उपचार चालू असल्यास तो किती तासांचा आहे, एवढे लिहिलेले असावे.